छतावरचा स्वर्ग

तुमच्या-आमच्या पणज्यांचाही जन्म झाला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. डोंगरावरच्या एका नगरीत एक म्हातारे धर्मगुरू राहत. राजेसुद्धा त्यांच्यापुढे वाकत, पण त्यांचा राग मात्र कायम नाकाच्या शेंड्यावर! त्यांची नजर दिवसेंदिवस अधू होत चालली होती. ती पुरती जाण्याआधी आपल्या प्रार्थनामंदिराच्या छतावर रंगवलेला स्वर्ग पाहायचा, एवढी एकच इच्छा उरली होती.

त्यांनी देशातला नावाजलेला चित्रकार बोलावला. तो जितका गुणी, तितकाच मानी. उंच परांचीवर उताणा पडून तो छताला थोडाथोडा ओला चुना लिंपायचा आणि चुना वाळायच्या आत त्यावर रंग भरायचा. एकदा वाळला की रंग चुन्यात कायमचा मुरतो. मग तो पुसता येत नाही, फोडावाच लागतो. देवदूतांचं पीस न् पीस त्यानं जीव ओतून रंगवलं. पण खाली उतरून वर बघावं, हे काही त्याला सुचलं नाही. अहो, नाकच कामाला चिकटलेलं, दुसरं दिसणार काय!

दोन वर्षांनी धर्मगुरूंचा धीर सुटला. परांचीच्या काही फळ्या बाजूला करायला लावून त्यांनी मान वर केली.

"हे काय? छताला डास बसलेत का?"

चित्रकार वरूनच फणकारला, "महाराज, वर या म्हणजे कळेल!"

"अरे शहाण्या, लोक काय शिडी लावून प्रार्थना करणार आहेत?"

चित्रकार तणतणत खाली आला. त्यानं वर पाहिलं, तर त्याचे देवदूत खरंच ठिपक्यांएवढे दिसत होते. शेजारी धर्मगुरूंचा सेवक उभा होता, त्यालाही धड काही दिसत नव्हतं.

"चुकलं माझं, महाराज. सगळं फोडावं लागेल."

"म्हणजे पुन्हा दोन वर्षं! तोवर माझे डोळे टिकतील?"

"सांगवत नाही."

"आणि नाही फोडलंस तर?"

"तर चांगल्या डोळ्यांच्या माणसालाही काही दिसणार नाही."

धर्मगुरू रागावायचंही विसरले. "मग फोड बाबा. मी नाही तर माझी माणसं बघतील."

चित्रकारानं रडत रडत हातोडा चालवला. पुन्हा चुना लिंपला. आता तो रोज संध्याकाळी खाली उतरायचा, लोक बसतात तिथं बसून वर बघायचा आणि मगच उद्याचं काम ठरवायचा.

शेवटी परांची निघाली. धर्मगुरूंना हाताला धरून आणावं लागलं. त्यांना आता माणसांच्या नुसत्या सावल्या दिसत. ते थंडगार फरशीवर उताणे झोपले. चित्रकार शेजारी बसला.

धर्मगुरूंची नजर छतभर चाचपडत फिरली. मग म्हाताऱ्यानं बोट वर केलं.

"तो... तो हात आहे ना रे? केवढा मोठा!"

"हो महाराज. देवाचा आहे."

"दिसला रे बाबा, दिसला!" म्हणत ते लहान मुलासारखे हसू लागले.

तेव्हा मंडळी, ज्यांच्यासाठी काम करायचं त्यांच्या जागी बसून ते पाहावं, आणि चुकलेलं दिसलं तर आपल्याच हातानं फोडायची हिंमत ठेवावी.