इंग्रजीच्या शेपट्या

"इंग्रजी क्रियापदाला मागून कोणती शेपटी लावायची, हे सांगणारा एकच नियम मला दसऱ्याआधी पाहिजे," आंबेगडच्या महाराजांनी त्यांना इंग्रजी शिकवणाऱ्या मास्तरांना बजावलं. "नाही मिळाला, तर बायकोपोरासकट संस्थानाची हद्द ओलांडा."

"सरकार, असा एक नियम नाही."

"म्हणूनच करायला सांगतोय. असता तर मागितला कशाला असता?"

शेपट्या म्हणजे इंग्रजीतले ते चिमुकले शब्द. क्रियापद तेच, पण मागचा शब्द बदलला की अर्थ भलतीकडे जातो. गेल्या महिन्यात गोरा साहेब राजवाड्यावर जेवायला आला होता. आपण घोड्यावरून कसे पडलो ते त्याने रंगवून सांगितलं, सगळे हसले. महाराजांना म्हणायचं होतं, 'मी तुमच्याबरोबर हसलो.' शेपटी चुकली आणि निघालं, 'मी तुम्हाला हसलो.' साहेब श्रीखंडाला हात न लावता उठला. आता दसरा झाला की तो पुन्हा येणार होता.

मास्तरांनी घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा त्यांची बायको गोपिका चिमीला खांद्यावर थोपटत होती. चिमीला दात येत होते, आणि ती ते सगळ्या आळीला कळवत होती. गोपिका चांगली शिकलेली, पण आपल्या हुशारीबद्दल तिची स्वतःची कधी खात्री नसे. काळजी करण्यात मात्र ती वाकबगार होती. हद्दपारी म्हणजे बैलगाडी, बैलगाडी म्हणजे वारा, वारा म्हणजे चिमीचा कान. इथवर ती एका दमात पोचली.

"अहो, तुम्हाला कशा येतात त्या शेपट्या?"

"येतात. वाचून, ऐकून, चुकून. पाद्रीसाहेबांच्या छड्या खाऊन."

"आणि नियम?"

"आहेत की. पण एकेका नियमाला इतके अपवाद, की नियम बिचारा कोपऱ्यात अंग चोरून उभा."

"हे मला आपल्या दरबारासारखं वाटतंय," गोपिका म्हणाली. मग लगेच, "नसेलही."

दुसऱ्या दिवशी ती चिमीला कडेवर घेऊन महाराजांपुढे उभी राहिली. 

"सरकार, नियम करून बघू. पण इंग्रजी पडली परकी. आधी घरच्या गोष्टीवर हात बसवावा. दसऱ्याच्या दरबारात मानाचे विडे कुणाला आधी, कुणाला नंतर, ते एकाच नियमाने ठरवून पाहावं. ते जमलं, की तोच हात इंग्रजीवर फिरवता येईल."

महाराजांना नियम फार आवडत. "त्यात काय अवघड? वयाने मोठा, त्याला आधी. बोलवा सगळ्यांना. आत्ताच तालीम घेऊ."

सगळे वयाप्रमाणे ओळीत उभे राहिले. महाराजांचा नंबर कोठीच्या कारकुनाच्याही मागे लागला.

"मी सोडून," महाराज म्हणाले.

दिवाण खाकरले. "सरकार, राजोपाध्यांनी गंध लावल्याशिवाय विडे सुरूच होत नाहीत." राजोपाध्यांना अजून धड मिशा फुटल्या नव्हत्या. ते ओळीच्या पार टोकाला होते.

"ते सोडून."

पागेतला मोतद्दार रामजी पुढे झाला. "सरकार, आमच्या पणजोबानं तुमच्या पणजोबांना पुरातून काढलं. तवापासून पहिला विडा आमच्या घराला."

"खरं आहे. हाही सोडून."

सेनापती दिवाणांहून मोठे, पण ते दिवाणांच्या नंतरच विडा घेत. आजोबांच्या काळी दोन्ही घरांत भांडण झालं होतं, त्याचा तो तोडगा. भांडण कशावरून, ते आता दोघांनाही माहीत नव्हतं, आणि दोघेही ते विसरायला तयार नव्हते.

"दोघेही सोडून."

मामासाहेबांना विडा नव्हता, अत्तर होतं. किल्लेदार विडा घेत, पण खात नसत. असं करता करता ऊन डोक्यावर आलं.

"आता नियमात कोण उरलं, सरकार?" गोपिकेने विचारलं.

ओळीत एकटा म्हातारा चोपदार उभा होता.

"त्याला विडा नसतोच," दिवाण म्हणाले. "तो काठी धरून उभा असतो."

महाराज लाल झाले. "हे नियमात बसायचं नाही! ही वहिवाट आहे. दरबारात वाढलेल्यालाच कळते. मी काय पाठ केली होती? आजोबांच्या मांडीवर बसून बघत आलो."

"लगेच कळली सरकारांना?"

"लगेच कशी कळेल? वर्षं गेली. एकदा तर सेनापतींचा विडा मीच खाऊन टाकला."

"मग त्या चुकीबद्दल शिकवणाऱ्या आजोबांना हद्दपार केलं होतं का कुणी?"

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. गोपिकेला वाटलं, झालं, आता बैलगाडी. चिमीचं कानटोपरं कुठे ठेवलंय, ते ती आठवू लागली.

महाराजांच्या मिशीचं एक टोक हललं. मग दुसरं. "आजोबांना हद्दपार!" म्हणत ते हसत सुटले, ते मांडीवर थापा मारीत. दिवाणही हसले. सेनापतींनी आधी दिवाणांचं हसू संपू दिलं, मग स्वतः हसले.

"बरं, मास्तर राहतील," महाराज डोळे पुसत म्हणाले. "शेपट्या सावकाश शिकू. पण साहेबाचं येणं तर तोंडावर आलंय. त्याचं काय?"

"साहेबांना मराठीची परीक्षा द्यावी लागते म्हणे," गोपिका म्हणाली. "सरकारांनी गप्पा मराठीत सुरू कराव्या. मग त्यांच्याही शेपट्या चुकतील. दोघेही चुकले, की कोण कुणाला हसलं ते कोण विचारतंय?"

महाराज पुन्हा हसले, या वेळी जास्तच. "मास्तरांना राहतं घर कायमचं दिलं. आणि या बाईंना दरसाल दसऱ्याला मानाचा विडा!"

"कितवा, सरकार?" दिवाणांनी विचारलं. "म्हणजे, कोणत्या नियमाने?"

"दिवाणजी," महाराज म्हणाले, "नियमाचं नाव काढाल तर तुमचाच विडा बाईंना देईन."