पुसलेला पिवळेपणा

एकदा एका डोंगरगावच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर रुजू झाली. तालुक्याच्या गावी राहणारे, लहान मुलांचे एक वृद्ध डॉक्टर हे तिचे गुरू. शंका आली की ती रुग्णाचा फोटो मोबाइलवर काढून त्यांना पाठवी. फोटो कसातरी पाठवणे तिच्या स्वभावात नव्हते. कॅमेऱ्याची काच पुसून, हात स्थिर धरून ती फोटो काढी, मग उजेड वाढवी, रंग नीट करी. आपणही लग्नाच्या फोटोतून मावशीच्या सुरकुत्या पुसतोच. मावशी खूश होते, कुणाचे काही बिघडत नाही.

एका दुपारी तिला एका घरी बोलावणे आले. वारे लागू नये म्हणून बाळंतिणीच्या खोलीची खिडकी बंद होती, आत एक पिवळा दिवा. बाळ चार दिवसांचे.

"सकाळपासनं पीतच नाही बघा ताई, नुसतं झोपतंय," आई म्हणाली.

शिष्येने फोटो काढला. दिव्यामुळे सगळेच पिवळे आले होते, म्हणून तिने पिवळा रंग कमी केला. बाळ छान गुलाबी दिसू लागले. 'काळजीचं वाटत नाही, सर,' असे लिहून तिने फोटो पाठवला.

लगेच गुरूंचा फोन आला. "खिडकी उघड. बाळाला उजेडात घे, शेजारी मूठभर तांदूळ ठेव आणि पुन्हा फोटो काढ. त्यात काही सुधारू नकोस."

तांदूळ कशाला, हे तिला कळेना. पण सरांचा आवाज कापत होता, आणि तो कापताना तिने कधी ऐकला नव्हता. बाळंतिणीच्या सासूबाई "वारं लागंल लेकराला" म्हणत असतानाच तिने खिडकी उघडली.

तांदूळ पांढरे होते. बाळ तळपायापर्यंत पिवळे होते. फोटो काढायचे तिला सुचलेच नाही; दिसले ते तिने फोनवरच सरांना सांगितले.

"दवाखान्याची जीप काढ, इथल्या इस्पितळात आण," गुरू एवढेच म्हणाले. घाटभर ती बाळाच्या छातीवर हात ठेवून बसली होती. बाळ रडेना, आणि आई विचारीत राहिली, "ताई, झोपलंय ना?"

बाळाला उपचाराच्या दिव्यांखाली ठेवल्यावर तिने विचारले, "सर, तुम्हाला कसं कळलं?"

"कळलं नव्हतं. बाळाचं दुपटं पांढरं असावं, ते फोटोत निळसर दिसत होतं, एवढंच. म्हणजे तू त्यातून काहीतरी काढून टाकलं होतंस. काय, ते मला दिसेना, म्हणून मी घाबरलो. दिव्याचा पिवळेपणा आणि काविळीचा, फोनला दोन्ही सारखेच. पारखायचं तर ज्याचा रंग आपल्याला ठाऊक आहे असं काहीतरी शेजारी लागतं. फोटो चांगला हवाच, पोरी. पण भिण्यासारखं जे असेल, ते त्यात राहू दे."

पुढे बाळ सुधारले, भुकेने रडू लागले. घरी निघताना आई म्हणाली, "ताई, तो पहिला फोटो द्या ना मला. त्यात किती गोरं दिसतंय माझं लेकरू."

तो फोटो तिने दिला नाही. तिच्या फोनमध्ये तो अजून आहे, आणि कुठलाही फोटो सुधारायला घेण्याआधी ती तो एकदा पाहते.