मथाईची बिघडलेली भट्टी

फार वर्षांपूर्वी, डोंगरात अजून वाघरू फिरायचं तेव्हा, खापरवाडीचा ओढा कळकला. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकतं ना, तसा अख्खा ओढाच. वरच्या अंगाला तांबटांची आळी होती. तिथली भांडी धुऊन तांब्याचा सगळा मळ खाली यायचा. पाणी हिरवट झालं, शेळ्या तोंड फिरवायला लागल्या, पोरं ओकून ओकून निपचित पडली.

मथी कुंभारणीची ठकूही पडली. एकुलती एक लेक ती. मथी भट्टी पेटवत होती, तेवढ्यात आतून ठकूची उलटी ऐकू आली. मथीनं भट्टी चिखलानं भसाभसा लिंपली, धुराला भोकसुद्धा ठेवलं नाही, आणि धावली. व्हायचं तेच झालं. मडकी अर्धीकच्ची निघाली, अन् भट्टीत जाळायला घातलेल्या भाताच्या तुसाची पांढरी राख व्हायची तर त्याचा काळा कोळसा झाला.

"मथे, भट्टी बिघडली गं तुझी," सासू म्हणाली.

मथीनं रागारागानं ते तूस एका गळक्या मडक्यात कोंबलं. ठकूनं तोंडाला न लावलेलं पाणीही त्यातच ओतलं. मडक्याखाली ते थेंबाथेंबानं साचलं. असं म्हणतात, ओढ्याला पाठ फिरवणारी शेळी दावं तोडून आली आणि ते पाणी प्यायली. मथीनं बोट बुडवून चाखलं. कळकलेली चव पार गेली होती.

ठकू ते पाणी प्यायला लागली, आणि एका सकाळी उठून भाकरी मागू लागली. मथी ढसाढसा रडली.

मग सारी खापरवाडी मुद्दाम भट्ट्या बिघडवायला लागली. ओढ्यात आडवा घातलेला काळ्या तुसाचा बांध पिंपळाएवढा झाला, असं म्हणतात. अलीकडे पाणी हिरवं, पलीकडे इतकं नितळ की भर दुपारी त्यात चांदण्या दिसायच्या. तांबट आधी हसले. पण त्यांच्या विहिरीही कळकल्या, तेव्हा घागरी घेऊन तेच मथीच्या दारी आले.

"पाजतेस का बाई?" म्हातारा तांबट म्हणाला.

"पाजते की. पण आळीच्या तोंडाशीही बांध घाला, तो तुम्ही सांभाळायचा."

तांबटांनी मान डोलावली. मथीनं तांबटांना पाणी पाजलं ते असं, दोन्ही अर्थांनी.

"तूस विष खातं, पण त्याचंही पोट भरतं," ती बजावायची. "भरलं की बदला, शेतात टाकू नका." जुनं तूस विटांच्या मातीत मळून भाजलं जाई. त्याच विटांचा मथाईचा पार आजही ओढ्याकाठी आहे.

खापरवाडीत नवी सून उंबरठ्यावर आली की म्हाताऱ्या म्हणतात, "बाई, तुझी भट्टी बिघडो." परगावची पोर बिचारी रडवेली होते. मग तिच्या ओंजळीत ओढ्याचं पाणी ओततात.