न संपलेल्या बर्गरची भिंत

बार्शीतल्या एका हॉटेलात उशीएवढा बर्गर मिळतो. तो अर्ध्या तासात संपवता आला नाही, तर मालक रणधीरशेठ गिऱ्हाइकाचा फोटो भिंतीवर लावून खाली ‘पळपुटा’ लिहितात. असा त्यांचा पाहुणचार.

तिथं फोटो लागल्यापासून माझा दादा कॉलेजला जाईना. शेवटी कुंदाआत्याच शेठकडे गेली.

“फोटो निघायचा नाही, ताई. भिंत बघा, आजवर एकालाही बर्गर संपवता आला नाही,” शेठ मिशीत हसले.

आत्याने सगळी भिंत शांतपणे पाहिली.

“आमच्याकडे पंगतीत लोकांनी पानात टाकलं, की आचारी तोंड लपवतो. तुम्ही तर तुमचं अन्न टाकणाऱ्यांचे फोटो लावलेत, शेठ. मन मोठं आहे तुमचं.”

नुकतंच आत आलेलं एक कुटुंब भिंतीकडे बघत हळूच मागे फिरलं.

स्टूल शेठनी स्वतःच आणलं.