मामांची मोठी आच

बँकेतून साहेब म्हणून निवृत्त झालेल्या भालचंद्रमामांना सल्ला द्यायला वेळकाळ लागत नसे. दसऱ्याला ते भाच्याकडे, श्रीरंगकडे, जेवायला आले आणि चपला काढता काढताच सुरू झाले, "घराचं कर्ज डोक्यावर असताना रविवारच्या सहली कसल्या काढता? रविवारीही काम धर. लेकीचे लाड कर्ज फिटल्यावर!"

मामांपुढे बोलायची श्रीरंगची प्राज्ञा नव्हती. त्यानं मान डोलावली. लेकीचं तोंड एवढंसं झालं.

स्वयंपाकघरात श्रीरंगची बायको चारुता बासुंदीचं दूध मंद आचेवर ढवळत होती. मामांनी तिलाही सोडलं नाही.

"अजून आटतंच आहे? गॅस मोठा कर. काम कसं झटक्यात उरकावं!"

"बरं मामा," चारुता म्हणाली. तिनं मोठ्या पातेल्याखालचा गॅस बंद केला, त्यातलं थोडं दूध छोट्या कढईत काढून मोठ्या आचेवर ठेवलं आणि बाहेर येऊन मामांसमोर खुशाल बसली.

थोड्याच वेळात जळका वास सुटला.

"अगं, दूध लागलं!" मामा ओरडले. "आच मोठी केलीस, मग ढवळायला जवळ कुणी नको का?"

"हवं ना, मामा," चारुता हसून म्हणाली. "लेकीजवळही हवं. कर्ज आम्ही मंद आचेवर, एकही हप्ता न चुकवता फेडतोय, म्हणूनच रविवारी श्रीरंग तिच्याजवळ असतो."

तिनं मोठं पातेलं पुन्हा मंद आचेवर चढवलं. जेवताना त्या पातेल्यातल्या बासुंदीची दुसरी वाटी संपवून मामांनी हळूच नातीला विचारलं, "या रविवारी कुठे जायचं गं?"