परक्याची नोट

ऐक गं गाठमाय, तुझी कहाणी. आटपाट नगर होतं, खाडीच्या काठाला होतं. तिथं एक सासू होती, एक सून होती. सुनेचं नाव शेवंती. घर भरलेलं, कशाला काही कमी नाही. सासूला गाठमायचा वसा होता. उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा तर पदराच्या टोकाला शंभराच्या तीन नोटा बांधायच्या. एक जाण्याची, एक येण्याची, एक परक्याची. परक्याची म्हणजे वाटेत ज्याचं अडेल त्याची. ती आपली नव्हेच.

सून हसे. म्हणे, "सासूबाई, भाजीवाली फोनवर पैसे घेते, रिक्षावाला घेतो, देवळातली दानपेटीसुद्धा घेते. मी गाठी मारून कुठं फिरू?" सासू म्हणे, "तू नुसती बांध."

मग एके दिवशी शेवंती माहेरी निघाली. तीन वर्षांची चिमी बरोबर. सासूनं तिला देवापुढं उभी केली, हळदकुंकू लावलं, साडीच्या पदराला तीन नोटा बांधल्या. मग शेवंती आत गेली. प्रवासाला साडी कोण नेसतं? उतरवली, खुंटीवर टाकली, पंजाबी ड्रेस चढवला. नोटा खुंटीला, सून गाडीत. हसताय काय बायांनो, तुमच्यातल्या किती जणींनी हेच केलं असतं ते मला ठाऊक आहे.

अर्ध्या वाटेत वादळ उठलं. वीज गेली, फोनचा टॉवर पडला, खाडीवरचा पूल बंद झाला. सगळ्या गाड्या धक्क्यावर अडकल्या. त्यात चिमीला ताप भरला. अंग तव्यासारखं तापलं, पोर डोळे फिरवू लागली. डॉक्टर पलीकडच्या काठाला. शेवंती नावाड्याकडं धावली. नावाडी म्हणाला, "वारा पडलाय, नेतो की ताई. पण इंजिनात डिझेल नाही." मग डिझेलवाल्याकडं धावली, फोन पुढं केला. फोनवर नुसतं चाक गरगरत राहिलं. हातातली बांगडी काढून दिली. तो म्हणाला, "वहिनी, सोनं ठेवून घेतलं तर उद्या मीच चोर ठरेन. शंभराच्या दोन नोटा आणा, डबा भरून देतो."

धक्क्यावर शे-दीडशे माणूस होतं. दोन नोटा निघायला असा किती वेळ लागणार? मग ती सराफाकडं गेली. सराफानं खिसे चाचपले, फोन दाखवला. मग वकिलाकडं गेली. वकिलानं पाकीट उघडलं, आत नुसती कार्डं. मग मास्तरणीकडं गेली. मास्तरणीनं पर्स उपडी केली, त्यातून एक कंगवा पडला. माणसं वाईट नव्हती हो, प्रत्येकजण हळहळत होता. लाखालाखाचे धनी, आणि एकाच्याही अंगावर कागदाचा रुपया नाही. आपली लेक शंभराच्या दोन नोटांवाचून जाणार, हे शेवंतीच्या डोक्यात शिरेना.

तेवढ्यात कडेला बसलेली एक म्हातारी उठली. डोंगरावरच्या गावची, बाजाराला खाली आली होती. फोन तिच्यापाशी नव्हताच. तिनं पदराची गाठ सोडली, एक नोट काढली. "घे बाय, ही माझी नव्हे, परक्याची." एकीनं भागेना. मग दुसरी काढली, तीही हातावर ठेवली. डिझेल आलं, नाव सुटली, चिमी पार झाली. डॉक्टरांनी सुई दिली, पोरीनं डोळे उघडले.

दुसऱ्या दिवशी फोन लागला. शेवंतीनं सासूला सगळं सांगितलं, हुंदके देत सांगितलं. सासूनं ऐकलं. मग विचारलं, "जाण्याची नोट तिनं आधीच मोडली असणार. परक्याची तुला दिली, येण्याची तुला दिली. मग ती बाई घरी कशी गेली?"

हे शेवंतीनं विचारलंच नव्हतं. चिमीला माहेरी आईपाशी ठेवलं, आईकडून तीन नोटा घेतल्या, तशीच नावेत बसली, अलीकडं आली. बघते तर म्हातारी तिथंच. लुगडं ओलं, ओठ निळे, अंगाला कापरं. शेवंती म्हणाली, "आजी, रात्रभर इथं?" म्हातारी म्हणाली, "जीपवाल्याला विचारलं, पैसे दे म्हणाला. गाडीवाल्यांना विचारलं, सुट्टे नाहीत म्हणाले. सकाळी फोन चालू झाले, सगळे गाड्या वळवून निघून गेले." तक्रार केली नाही, नुसतं सांगितलं. शेवंतीला तोंड वर करवेना.

मग तिनं दोन नोटा म्हातारीच्या पदरात बांधल्या. म्हातारी म्हणाली, "फेड म्हणून देत असशील तर नको." शेवंती म्हणाली, "फेड नव्हे, आजी. परक्याची आहे." मग म्हातारीनं घेतल्या. शेवंतीनं तिला चहा पाजला, जीपमध्ये बसवलं, जीप वळणाआड जाईपर्यंत उभी राहिली.

कुणी म्हणतात, ती गाठमायच होती. मला विचाराल तर नव्हती. देवीला थंडी वाजत नाही, देवीला जीपचं भाडं लागत नाही. ती तुमच्याआमच्यासारखी बाई होती, आणि दीडशे माणसांनी तिला तिथं सोडली.

तर बायांनो, चिमीला जशी वेळेला नोट मिळाली तशी तुमच्याआमच्या लेकरांना मिळो. म्हातारीला जशी रात्र काढावी लागली तशी कुणाला न लागो. ही साठां उत्तरांची कहाणी, पांचा उत्तरी गाठीत बांधली, सुफळ संपूर्ण झाली. आरती मागाहून. आधी आपापल्या पर्स उघडा.