परातीतलं तोंड

खूप खूप पूर्वी, राजे हत्तीवरून फिरत होते तेव्हा, डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. त्या गावाची एक रीत आधी सांगते. नीट ध्यानात ठेवा. घरातलं वडीलधारं माणूस गेलं आणि दिवसकार्य उरकलं, की बायका अंगणात पाण्यानं भरलेली परात ठेवायच्या. गेलेल्याच्या लेकरानं त्यात वाकून बघायचं. कुणाला आपल्या चेहऱ्यात बापाचं कपाळ दिसे, कुणाला आईची हनुवटी. मग बायका म्हणायच्या, "बघ, कुठं गेलंय माणूस? तुझ्यातच आहे की." लेकरू रडायचं, पण त्या रडण्याला धीर असायचा.

त्या गावात टोपल्या विणणारी एक विधवा राहत होती. तिला एकच लेक, नुकती वयात आलेली. दोघींची नाकं एकाच साच्यातली. रुंद, जाड, ऐसपैस.

मैत्रिणी लेकीला चिडवायच्या, "तुला पावसात इरलं कशाला गं? नाक आहे की!"

आई हसून म्हणायची, "मग काय! आमच्या नाकाखाली सगळं घर कोरडं राहतं." लेकही खिदळायची. दिवस असे चालले होते.

मग बाजारात एक वैद्य आला. हात मोठे कसबी. लढाईत नाक कापलं गेलेल्या शिपायांना त्यानं नाकं लावून दिली होती, आशीर्वाद घेतले होते. पण लढाया थांबल्या. मग त्यानं आपल्या मांडवात ताटाएवढा पितळी आरसा टांगला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पोरींना हाका मारू लागला.

गावात तोवर आरसा नव्हताच. पोरींची झुंबड उडाली. आपली लेकही गेली. आरशाजवळ तोंड नेलं आणि ती दचकून मागं सरली. तोंडभर नुसतं नाक! डोळे कुठंतरी कडेला सारलेले.

वैद्य गोड आवाजात म्हणाला, "बाळ, मी काही म्हणत नाही. तूच बघ."

तेव्हापासून पोरीचं जेवण तुटलं. हसताना ती नाकावर हात धरी. एक दिवस चुलीपाशी तिचा बांध फुटला. "तुझ्यामुळं झालं हे! तू दिलंस मला हे नाक!"

आई टोपली विणता विणता थांबली. "दिलं बाई. माझ्या आईनं मला दिलं, मी तुला दिलं. दुसरं होतंच काय घरात द्यायला?" मग जवळ सरकून म्हणाली, "मी रोज बांबू चिरते गं. चिरलेलं पुन्हा सांधता येत नाही. तुझं अंग अजून भरतंय. थोडे पावसाळे थांब."

"तोवर मी जीव देईन."

या बोलण्यापुढं कुठली आई उभी राहते? तिनं गाडग्यात जपून ठेवलेल्या पाटल्या काढून दिल्या.

वैद्यानं नाक कापलं, टाके घातले. पट्टी सुटली तशी पोर आरशाकडं धावली. नाक अजून मोठंच! वैद्य म्हणाला, "अजून जरासं काढू." त्यानं पुन्हा कापलं. मग आणखी एकदा. शेवटी नाकाचा कणाच खचला. श्वास शिट्टी वाजवत आत जाऊ लागला. चार पावलं भरभर टाकली की तिला धाप लागे. ओल्या बांबूचा वास, तापल्या दुधाचा वास, सगळं गेलं. मैत्रिणी आता चिडवत नव्हत्या. त्या नजर चुकवत होत्या.

आणि आई? पहिल्या पट्टीच्या दिवसापासून ती नाकावर पदर ओढून वावरू लागली. बाजारात, पाणवठ्यावर, घरातसुद्धा.

"आई, घरात कशाला पदर?"

"तुला बघवत नाही ना, म्हणून."

पोरीच्या ओठांवर काहीतरी आलं. तिनं ते गिळलं. आरशात सगळं नीट दिसलं की मग बोलू, असं तिला वाटलं.

थंडीत आई तापानं पडली. लेक तिच्या उशाला पाणी ठेवून, "आलेच," म्हणून वैद्याकडं गेली, शेवटचं एकदा कापून घ्यायला. वैद्य मुक्काम हलवत होता. आरसा खाली उतरवून ठेवलेला होता. तिनं त्यावरून हात फिरवला. आरसा सपाट नव्हता! पालथ्या वाटीसारखा मधोमध फुगवलेला होता. त्यात ज्याचं त्याचं नाक मोठंच दिसणार होतं.

ती घराकडं धावली. तिला एवढंच सांगायचं होतं, आई, पदर काढ, तुझं नाक चांगलंच होतं. पण चढावर श्वास पुरेना. ती बसली, उठली, पुन्हा बसली. एरवी हसतखेळत चढायची ती वाट संपता संपेना.

ती उंबऱ्यात पोचली तेव्हा शेजारणी खाली बसलेल्या होत्या. आई गेली होती. नाकावरचा पदर तसाच होता.

दिवसकार्य झालं. अंगणात परात आली. पोर वाकली. पाण्यात एक तोंड होतं. चिमटलेलं, वाकडं, कुणा परक्याचं.

म्हातारी शेजारीण सवयीनं बोलू लागली, "बघ, कुठं गेलंय..." आणि मध्येच थांबली.

पोरीनं दोन बोटांनी नाकपुड्या रुंद ओढून बघितल्या. मग गालांवर हात दाबून बघितलं. पुन्हा वाकली. परातीतलं पाणी हलायचं थांबलं, तरी ती बघतच होती. आई कुठंच नव्हती.

पोरींनो, आणि पोरींच्या आईबापांनो, तोंडावर सुरी चालवण्याआधी हात लावून बघा की आरसा सपाट आहे का. कारण कापलं जातं ते आपल्या एकट्याचं नसतं.